सातव्या लॉटचे पडदे

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधी खुशाली सांगून टाकतो. मी बरा आहे. मनगटावरची पट्टी परवा काढली. खालची कातडी तान्ह्या बाळासारखी गुलाबी आली आहे, आणि तुझी आई दिवसातून चार वेळा मलम लावते, त्यातल्या दोन वेळा मला गरज नसताना. डावा कान मात्र अजून रुसलेलाच आहे. डॉक्टर म्हणतात सहा महिने वाट पाहा, काही परत येईल, काही येणार नाही. फोनवर निम्मे शब्द गळतात म्हणून पत्र लिहितोय, असं मी आईला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तू फोनवर नुसतं ‘बाबा’ म्हणालीस की माझं पुढचं सगळं बोलणं विरघळतं, आणि या वेळी मला सगळं बोलायचं आहे, ओळीने, काही न गाळता.

चाचणी केंद्रातलं कामकाज अजून रुळावर आलेलं नाही. आमच्या खोलीच्या खिडकीला काचेऐवजी प्लायवूड ठोकलंय, त्यामुळे भर सकाळी दिवे लावून बसावं लागतं. भिंतीवर काळा डाग आहे. रंगारी येऊन गेला, पण चौकशी संपेपर्यंत डागाला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. मी रोज त्या डागासमोर बसून चहा पितो. लोक माझ्याशी जपून बोलतात, अगदी ज्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं पटलं नाही तेसुद्धा. आपल्याला कोणी एकदम चांगलं वागवायला लागलं की समजावं, आपल्या पाठीमागे काहीतरी ठरलेलं आहे.

तुला आठवतं, हा प्रकल्प मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा आपण किती हसलो होतो? सरकारचा निधी, पाच संस्था, पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि वीज नसेल तेव्हा त्याच्यापासून वीज करायची. तुमच्या विद्यापीठाने पडदे बनवायचे, कारखान्याने धातूच्या पट्ट्या द्यायच्या, तिसऱ्यांनी नियंत्रणाची यंत्रणा करायची, आम्ही सगळं जोडून हजार तास चालवून बघायचं, आणि मग ते डोंगरातल्या आरोग्य केंद्रात बसवायचं. मी म्हटलं होतं, पाच जावांचं एक स्वयंपाकघर आहे हे, मीठ कोणी घातलं ते शेवटपर्यंत कळणार नाही. एकाच प्रकल्पात नातेवाईक असतील तर कळवा, असा एक फॉर्म होता. तू फोनवर विचारलंस, “नात्याच्या रकान्यात ‘वडील, हट्टी’ असं लिहू का?” तो फॉर्म आपण दोघांनी भरला, आणि मी त्या दिवशी केंद्रात सगळ्यांना सांगत सुटलो की पडदे माझ्या मुलीच्या हातचे येणार आहेत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचे बोल्ट आवळले, पण इतकं मिरवलो कधी नव्हतो.

आता त्या मंगळवारचं सांगतो. तू हॉस्पिटलात आलीस तेव्हा मी नीट सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. एकावर एक रचलेल्या साठ सेलची आपली चळत सहाशे चाळीस तास चालली होती. प्रत्येक सेलमध्ये तुझा एक पडदा, एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, आणि दोघांची भेट होऊ द्यायची नाही एवढंच त्या पडद्याचं काम. ऑक्सिजनच्या नळीत हायड्रोजन किती मिसळतोय त्याचा आकडा पॅनलवर दिसतो. दोन टक्क्यांना घंटा वाजते, चारच्या पुढे स्फोटाची भीती. पहिले पाचशे तास तो आकडा अर्ध्या टक्क्यावर गपगार होता. मग हलायला लागला. शनिवारी नऊ दशांश, सोमवारी एक पूर्णांक एक. मंगळवारी सकाळी मी आलो तेव्हा एक पूर्णांक चार. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी वहीत आकडा लिहायला मान खाली घातली, आणि वर पाहतो तर दोन ओलांडून गेलेला. घंटा वाजायला लागली तोच मी लाल बटण दाबलं. शेजारच्या टेबलावरच्या मदतनीस बाईंना ओरडून बाहेर काढलं, मी दारात पोचलो, आणि ऑक्सिजनच्या टाकीचं झाकण उडालं. आवाज मोठा नव्हता, निदान मला तसा वाटला नाही. नंतर कळलं की तो ऐकता ऐकताच माझा कान गेला होता.

तू दुसऱ्या दिवशी आलीस. दोन दिवस माझ्या पलंगाशी बसलीस, सफरचंद कापून दिलंस, नर्सशी भांडून मला जादा उशी मिळवून दिलीस. पण तुझी नजर माझ्या पट्टीवर होती, तोंडाकडे नव्हती. आणि निघताना दारात वळून तू एकच प्रश्न विचारलास, “बाबा, ते पडदे फेकले तर नाहीत ना?” मी म्हटलं, नाही, सगळं सील करून ठेवलंय. तू ‘बरं’ म्हणालीस आणि गेलीस. मला वाटलं, पोरगी शास्त्रज्ञ आहे, बापाच्या मनगटाइतकीच तिला पुराव्याची काळजी असणार. थोडं वाईट वाटलं, थोडं कौतुकही वाटलं. त्यानंतर तुझा फोन नाही. आईला ‘कामात आहे’ एवढे दोन शब्द येतात, ती ते मला वाचून दाखवते आणि फोन उलटा ठेवते.

मागच्या सोमवारी चौकशी समितीने चळत उघडली. चौघेजण बाहेरून आलेले, हातमोजे, कॅमेरे, सगळा जामानिमा. पण बोल्ट कोणत्या क्रमाने सोडायचे ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणून मला पट्टीसकट बोलावलं. मी एकेक पडदा काढून उजेडाच्या पाटीवर ठेवत होतो. अकराव्यापर्यंत माझ्या लक्षात आलं. प्रत्येक पडद्यावर उजव्या कडेपासून वीतभर आत एक फिकट रेघ होती, वरपासून खालपर्यंत, आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं. प्रत्येकावर तिथेच. मी पडदे बनवत नाही, पण लाटणं खरवडलेलं असेल तर प्रत्येक पोळीवर एकाच जागी वळ उठतो हे कळायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. दाबात गडबड झाली असती तर पडदे कडेला, धातूच्या पट्टीच्या दाबाखाली फाटले असते. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “आगीने पडलेली दिसतात भोकं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी बारावा पडदा काढून पाटीवर ठेवला. 

जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या कपाटातून सातव्या लॉटचं तपासणीपत्रक काढलं, याच साठ पडद्यांबरोबर आलेलं. सत्तावीस जागी जाडी मोजली, सगळी योग्य, खाली तुझी सही. आकडे बघितले आणि तू नऊ वर्षांची असतानाची ती वही डोळ्यांपुढे आली. शाळेने महिनाभर रोजचं तापमान लिहायला सांगितलं होतं आणि तू शेवटचे दहा दिवस एका बैठकीत भरून टाकले होतेस. तीस, एकतीस, तीस, एकतीस. मी पकडलं, कारण खरं तापमान इतकं शहाण्यासारखं वागत नाही. पण रागावलो नाही, हसलो. वर्षानुवर्षं पाहुण्यांना ती गोष्ट रंगवून सांगितली. आता वाटतं, त्या दिवशी हसलो नसतो तर बरं झालं असतं. या पत्रकातले आकडेही तसेच शहाणे होते. तरी मी मनाची समजूत घालत होतो, की यंत्राने मोजलं तर आकडे नीटच येणार. मग तारीख पाहिली. दहा आणि अकरा.

बाळ, दहा तारखेला तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. नऊच्या संध्याकाळी तू बॅग घेऊन दारात उभी होतीस आणि बाराच्या दुपारी गेलीस. दहाला तू आईचा हात धरून ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसली होतीस. अकराला तू तिला थेंब घालत होतीस, घड्याळ लावून, दर दोन तासांनी. तुझ्या हातात पडदा नव्हता, जाडी मोजायचं यंत्र चारशे किलोमीटर लांब होतं. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आईला. तुझ्या रजेची तारीख आणि या पत्रकाची तारीख शेजारी ठेवून आणखी कोणी पाहिलेली नाही.

ते कसं झालं असेल ते मी मनात शंभर वेळा मांडून पाहिलंय. तू बाराला परत गेलीस. तेराला पडदे निघाले पाहिजेत, नाहीतर पुढचा टप्पा मंजूर होणार नाही, असं तुझ्या विभागप्रमुख बाई महिनाभर म्हणत होत्या. तू रजा मागितलीस तेव्हाही कुरकुर झाली होती, ते तूच सांगितलंस. आधीचे सहा लॉट निर्दोष होते. सातवा कशाला वेगळा निघेल? एवढाच विचार केला असशील. मी तुझ्या जागी असतो तर कदाचित मीही केला असता. आणि तू आईसाठी आली होतीस. त्या गोष्टीवर मी रागावायचं कसं, तेच मला कळत नाही. सारखा राग येतो, आणि ठेवायला जागा सापडत नाही.

आणखी एक सांगतो, जे समितीला अजून माहीत नाही. शनिवारी आकडा नऊ दशांशांवर गेला तेव्हा मी यंत्र बंद करायला हवं होतं. चालू ठेवणं नियमात बसत होतं, पण तीस वर्षांच्या बोटांना समजतं की आता थांबावं. मी थांबलो नाही. कारण पडदे तुझे होते. ते हजार तास टिकावेत, भिंतीवर त्याच्या प्रमाणपत्राचा कागद लागावा, त्यावर तुझं नाव असावं, असं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटत होतं. तीन दिवस मी लोभापायी ते यंत्र चालू ठेवलं. शेजारी त्या मदतनीस बाई बसत होत्या, त्यांना दोन लहान मुलं आहेत. तेव्हा तुला एकटीला मी पिंजऱ्यात उभं करतोय असं समजू नकोस.

गुरुवारी संचालकांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, खुर्चीवरून उठून मला बसवलं. अहवालाचा मसुदा पुढे सरकवला. ‘दाब समतोल राखण्यात चालकाकडून विलंब’ अशी त्यात एक ओळ होती, चालक म्हणजे मी. शेवटच्या चार मिनिटांच्या दाबाची नोंद स्फोटात जळाली, त्यामुळे ते खोटं ठरवणारं काही शिल्लक नाही. ते म्हणाले, “तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली. पेन्शनला धक्का लागणार नाही, मी शब्द देतो. सही केलीत तर पाचही संस्थांचं काम पुढे चालू राहील. नाहीतर पडद्यांपासून सगळं पुन्हा उकरलं जाईल, आणि त्यात तुमची मुलगीही आहे.” त्यांना काही ठाऊक नाही, त्यांनी सहज म्हटलं. मी म्हटलं, दोन दिवस द्या. पण तुला खरं सांगतो, जिना उतरता उतरता माझं ठरलं होतं. सही करायची. मला हलकं वाटत होतं, अगदी आनंद म्हणावा इतकं. तुझ्यासाठी काही करायचे दिवस सरले असं वाटत होतं, आणि अचानक हे हाती आलं. विलंब तर विलंब. नाहीतरी मी तीन दिवसांचा विलंब केलाच होता. शुक्रवारी मी मन लावून जेवलो, आईला संशय येण्याइतका.

काल शनिवारी स्टोअरकीपर दोन पेट्या घेऊन आला. सातव्या लॉटचे उरलेले पडदे. अपघात चालकाच्या चुकीने झाला असं ठरत आल्यामुळे त्यांना कोणी अडवलं नव्हतं. आरोग्य केंद्रातलं यंत्र आता थेट तिथेच जोडायचं, हजार तासांची वाट बघायची नाही, असा आदेश निघालाय. पाठवणीच्या कागदावर ज्येष्ठ तंत्रज्ञाची, म्हणजे माझी, सही हवी होती. “लवकर करा काका, गाडी खाली उभी आहे.” मी पेन काढलं.

मी त्या केंद्रात गेल्या वर्षी जाऊन आलोय, यंत्राचा चौथरा घालायला. चौथरा जिथे घातला त्या भिंतीच्या पलीकडे बाळंतिणींची खोली आहे. सहा पलंग. तिथल्या परिचारिकेने मला दाखवलं होतं, वीज गेली की ती विजेरी दातांत कशी धरते, कारण दोन्ही हात अडकलेले असतात. दर महिन्याला तिचा फोन येतो, “कधी येणार तुमचं यंत्र?” या महिन्यातही आला होता, मी हॉस्पिटलात असताना. आईने घेतला.

मी सही केली, पण कागदावर वर लिहिलं, ‘या लॉटची जाडी मोजलेली नाही. पुन्हा मोजल्याशिवाय पेट्या हलवू नयेत.’ स्टोअरकीपर तो कागद घेऊन संचालकांकडे गेला. तासाभरात संचालकांचं बोलावणं. “कशाच्या आधारावर लिहिलंत हे?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मी म्हटलं, समितीपुढे सांगेन. त्यांनी लगेच फोन केले. येत्या गुरुवारी अकरा वाजता बैठक ठरली. पेट्या कुलपात आहेत, किल्ली समितीकडे गेली. मसुदा माझ्या टेबलाच्या खणात तसाच आहे, सहीविना.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं.  तिने विचारलं, “दहा तारीखच आहे का त्यावर? नीट पाहिलंत?” मी पत्रक दाखवलं. तिने ते त्या ऑपरेशन केलेल्या डोळ्यासमोर धरून दोनदा वाचलं. नंतर म्हणाली, “माझ्यामुळे झालं म्हणायचं.” मी नको नको म्हणेपर्यंत ती उठून आत गेली. आज सकाळी मात्र कपबशी पुढे ठेवता ठेवता म्हणाली, “तिला आधी कळू दे. मग जगाला.” म्हणून हा रविवार मी तुझ्यासाठी घेऊन बसलोय. चार कागद फाडले, हा पाचवा.

भिंगरी, गुरुवारी ते मला विचारतील, जाडी मोजली नव्हती हे तुम्हाला कशावरून कळलं? त्याचं उत्तर एकच आहे, आणि त्यात तुझं नाव आहे. ते तुला समितीच्या कागदातून कळू नये, म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी कुरिअरच्या माणसाच्या हातात देईन, मंगळवारी तुझ्याकडे पोचेल. म्हणजे तुझ्याजवळ बुधवारचा अख्खा दिवस आहे. तू आधी तुझ्या बाईंना सांग, किंवा सरळ इकडे ये. गुरुवारी साडेदहाला मी चाचणी केंद्राच्या फाटकाशी उभा असेन, आईही येते म्हणतेय. आलीस तर पहिल्यांदा तू बोल, जसं झालं तसं. माझे ते तीन दिवस मी तुझ्यानंतर सांगेन. नोकरी राहील की नाही, नाव किती खराब होईल, मला काही माहीत नाही, आणि खोटा धीर देत नाही. मला झोप लागत नाही, एवढं मात्र खरं. आणि नाही आलीस, तर तुझं नाव मला घ्यावं लागेल. ते नाव मी निवडलं होतं. तू पाच दिवसांची असताना मी जन्मनोंदणीच्या खिडकीशी उभा राहून कारकुनाला ते तीनदा म्हणून दाखवलं होतं, त्याच्या हातून चुकू नये म्हणून. सरकारी टेबलासमोर ते मी पुन्हा उच्चारावं, आणि तू शेजारी नसावंस, ही वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझाच,
बाबा